दोन दारांमधली वाट : आधारसेवेत नव्याने येणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी

रुग्णालयातून, तुरुंगातून, व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा निवारा केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा एक चिठ्ठी असते. तिच्यावर पुढच्या केंद्राचा पत्ता, एक दूरध्वनी क्रमांक आणि कुणाची तरी घाईतली सही असते. चिठ्ठी देणाऱ्याच्या नोंदवहीत त्या माणसाचे काम पूर्ण झालेले असते आणि ज्या केंद्राचा पत्ता दिला आहे तिथे ते अजून सुरू झालेले नसते. मधल्या चार दिवसांत तो कुठे झोपतो आणि गोळ्या संपल्यावर काय करतो, याची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. या क्षेत्रात काही काळ काढल्यावर माझे असे मत झाले आहे की सेवा नाहीत म्हणून जेवढी माणसे हरवतात, तेवढीच किंवा थोडी अधिकच या दोन सेवांमधल्या फटीत हरवतात.

या मताला आधार देणारा एक जुना अभ्यास आहे. न्यूयॉर्कमधील एका निवारा केंद्रातून राहत्या घरांत जाणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या 96 पुरुषांचा हा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पुरुषांना नेहमीच्या सेवा मिळाल्या. उरलेल्यांना त्याच सेवांबरोबर पहिले 9 महिने एक ओळखीचा कार्यकर्ता मिळाला, ज्याचे मुख्य काम नव्या ठिकाणच्या माणसांशी आणि सेवांशी त्यांची गाठ पक्की बांधून देणे हे होते. 18 महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातील माणसांनी सरासरी 91 रात्री बेघर अवस्थेत काढल्या होत्या, तर दुसऱ्या गटातील माणसांनी 30. औषधे, घरे आणि दवाखाने दोन्ही गटांसाठी सारखेच होते. फरक होता तो मधल्या वाटेवर कुणीतरी बरोबर असण्याचा.

तुम्ही स्वयंसेवक म्हणून किंवा नुकतेच नोकरीला लागलेले कार्यकर्ते म्हणून अशा एखाद्या संस्थेत येत असाल, तर पुढील पायऱ्या त्या मधल्या वाटेवर चालण्यासाठी आहेत. समुपदेशन किंवा वैद्यकीय उपचार यांचे शिक्षण त्यांतून मिळणार नाही. ते ज्यांचे काम आहे त्यांच्यापर्यंत माणूस पोहोचेल आणि तिथे टिकेल, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

पहिली पायरी : माणूस भेटण्याआधी वही तयार करा

प्रत्येक संस्थेत परिसरातील सेवांची एक यादी असते आणि ती बहुधा जुनी झालेली असते. यादीतील केंद्र स्थलांतरित झालेले असते, क्रमांक बंद पडलेला असतो, किंवा ज्यांचे नाव लिहिले आहे ते निवृत्त झालेले असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तुमच्यावर कोणाची जबाबदारी सोपवलेली नसेल, तर तो वेळ स्वतःची वही तयार करण्यात घालवा. निवारा, दवाखाना, मानसोपचार, व्यसनमुक्ती, कायदेविषयक मदत, ओळखपत्राचे कार्यालय, रोजगार, महिलांसाठीचे आश्रयस्थान आणि स्वमदत गट यांतील प्रत्येक ठिकाणासाठी एक पान ठेवा. त्या पानावर पत्ता आणि वेळ तर लिहाच, पण त्याहून उपयोगाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. अर्ज नेमक्या कोणत्या खिडकीवर घेतात? कोणती कागदपत्रे मूळ प्रतीत लागतात आणि कोणत्यांची छायाप्रत चालते? कागद नसलेल्या माणसाला तिथे आत घेतात की दारातूनच परत पाठवतात? प्रतीक्षायादी किती लांबीची आहे? दुपारी खिडकी किती वाजता बंद होते, आणि फोन प्रत्यक्षात कोण उचलते?

शक्य असेल तर यांतील दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन रांगेत उभे राहा. कार्यकर्ता म्हणून ओळख देऊन आतल्या खुर्चीवर बसण्याऐवजी, तुमच्याकडे येणारा माणूस जिथे उभा राहणार आहे तिथेच उभे राहा. मी एकदा अशाच एका कार्यालयात दोन तास उभा होतो. माझ्यापुढच्या गृहस्थांनी कापडी पिशवीतून एकेक कागद काढून खिडकीच्या कडप्प्यावर मांडला, आतल्या व्यक्तीने न बोलता त्यांतला एक परत सरकवला, आणि गृहस्थांनी सगळे कागद पुन्हा घडी करून पिशवीत घातले. कोणता कागद कमी पडला हे त्यांनी विचारले नाही आणि त्यांना कोणी सांगितलेही नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक ठिकाणापुढे ‘कमी काय पडते’ असा एक वेगळा रकाना आहे.

दुसरी पायरी : पहिली भेट

पहिल्या भेटीत माणसाकडून त्याची संपूर्ण कहाणी काढून घेण्याचा मोह नव्या कार्यकर्त्याला हमखास होतो. तो आवरा. तुमच्यापुढे बसलेल्या व्यक्तीने ती कहाणी याआधी पोलीस, डॉक्टर, अधीक्षक आणि समुपदेशक अशा अनेकांना सांगितलेली असते, आणि प्रत्येक वेळी तिच्यातील सर्वांत वाईट दिवस पुन्हा जगावे लागलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने इतर दोन संस्थांसह 2011 साली संकटानंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचे सूत्र तीन क्रियांचे आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला तातडीची कोणती गरज आहे हे आधी पाहायचे. तो जेवढे सांगेल तेवढे ऐकायचे, उकरून काढायचे नाही. आणि मग त्याला माहितीशी, सेवांशी व आपल्या माणसांशी जोडून द्यायचे.

बसण्याची जागा निवडताना त्या व्यक्तीला दार दिसेल आणि वाटले तर उठून जाता येईल, याची काळजी घ्या. बोलताना अहो-जाहो करा, मग समोरची व्यक्ती अठरा वर्षांची असो वा सत्तर. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु ज्यांनी काही वर्षे रस्त्यावर, कोठडीत किंवा बंद वॉर्डात काढली आहेत त्यांना त्या काळात जवळजवळ प्रत्येकाने अरे-तुरेच केलेले असते, आणि ‘बसा’ या एका शब्दाने त्यांच्या बसण्यात पडलेला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. नाव विचारताना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हेही विचारा. संस्थेच्या कागदांवर त्यांना ‘लाभार्थी’ म्हटलेले असेल; तो शब्द कागदावर राहू द्या, तोंडात येऊ देऊ नका.

प्रश्नांपैकी एकच प्रश्न मी पहिल्या भेटीत कधी चुकवत नाही: “आज रात्रीपर्यंत कोणती एक गोष्ट झाली तर तुम्हाला बरे वाटेल?” उत्तर अनेकदा अगदी साधे असते. मोबाइल चार्ज करायचा असतो, चपलेचा अंगठा तुटलेला असतो, बहिणीला जिवंत असल्याचा निरोप द्यायचा असतो. ते काम त्याच दिवशी करून टाका. पुढच्या सहा महिन्यांच्या योजनेपेक्षा या एका कामावरून तो माणूस तुमच्याकडे पुन्हा यायचे की नाही हे ठरवतो.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीलाच बोला आणि तिच्या मर्यादाही तेव्हाच सांगा. तुम्ही सांगितलेले मी संस्थेबाहेर बोलणार नाही. मात्र तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर मला वरिष्ठांशी बोलावे लागेल, अशा सरळ शब्दांत ते सांगता येते. हे नंतर सांगितले तर फसवणूक वाटते. दुसऱ्या संस्थेशी बोलण्यासाठी संमती घ्यायची असेल, तर कोणाशी, काय आणि कशासाठी बोलणार हे प्रत्येक वेळी वेगळे विचारा. ‘सर्व संबंधितांशी’ अशा मोघम मजकुरावर सही घेऊ नका.

तिसरी पायरी : जिवाचा धोका आधी

पुढची सर्व कामे धीराने करण्यासारखी आहेत, परंतु चार प्रसंगी धीर धरून चालत नाही, आणि ते चारही प्रसंग बहुतेक वेळा दोन दारांमधल्या काळातच येतात.

पहिला प्रसंग दारूचा. दीर्घकाळ रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने निश्चयाने एका दिवसात दारू बंद केली, तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. शरीराला सवय जडलेली असताना दारू अचानक तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, थरथर व ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. वैद्यकीय देखरेखीखाली हे टाळता येते.

दुसरा प्रसंग अमली पदार्थांचा. काही काळ पदार्थापासून दूर राहिलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, पण त्याच्या लक्षात मात्र जुनीच मात्रा असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या 30,000 हून अधिक व्यक्तींचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या 2 आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत 12.7 पट होता, आणि अतिमात्रेने मृत्यू येण्याचा धोका तर 129 पट होता. सुटकेचा दिवस आधी कळणार असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांच्या भेटी त्या दिवसाच्या आतच ठरवून ठेवा, आणि ‘पूर्वीइतके घेतले तर जीव जाऊ शकतो’ हे वाक्य उपदेशाचा सूर न लावता, माहिती म्हणून एकदा स्पष्ट सांगा.

तिसरा प्रसंग आत्महत्येच्या विचारांचा. मानसोपचार वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. मनात शंका आली तर आडवळणे न घेता विचारा: “जीव संपवावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा मिळतो. उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, जीव संपवण्याची साधने दूर करा आणि तुमच्या वरिष्ठांना व डॉक्टरांना त्याच क्षणी कळवा.

चौथा प्रसंग घरातील हिंसेचा. नाते तोडून बाहेर पडण्याचा काळ हा अशा व्यक्तीसाठी सर्वांत धोक्याचा असतो. त्यामुळे ‘आजच निघा’ असा सल्ला देऊ नका. कधी निघायचे याचा अंदाज तिला तुमच्यापेक्षा जास्त असतो. फोन करण्याची सुरक्षित वेळ आणि क्रमांक विचारून घ्या, फोन दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचे ते आधी ठरवा, आणि संस्थेच्या नावाने संदेश कधीही पाठवू नका.

चौथी पायरी : क्रम त्या माणसाचा

आधी व्यसन सोडा, मग नियमित औषध घ्या, मग शिस्तीत राहून दाखवा आणि मग घर देऊ, अशी जिन्यासारखी रचना अनेक सेवांनी वर्षानुवर्षे चालवली. या जिन्यावरून बरीच माणसे मधल्याच पायरीवरून खाली आली. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम सेंबेरिस यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमाने हा क्रम उलटा केला: बेघर माणसाला प्रथम कायमस्वरूपी घर द्यायचे, उपचाराची अट घालायची नाही, आणि घर मिळाल्यानंतर हवी ती मदत त्याच्या दारापर्यंत न्यायची. पुढे कॅनडातील पाच शहरांत 2,000 हून अधिक व्यक्तींबरोबर ही पद्धत तपासली गेली, तेव्हा घरात टिकून राहण्याच्या बाबतीत ती नेहमीच्या सेवांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. फिनलंडने 2008 पासून ती राष्ट्रीय धोरणात आणली.

तुमच्या हाती घरे नसतील, परंतु क्रम उलटा करणे तुमच्याही हाती आहे. एका गृहस्थांच्या बाबतीत आमच्या योजनेत उपचार पहिला होता आणि त्यांच्या मनात चष्मा. त्यांना चार हातांपलीकडचे नीट दिसत नव्हते, त्यामुळे पाट्या वाचता येत नसत, बस चुकत असे, आणि उपचारांना न येण्याचे कारण ते लाजेने सांगत नव्हते. ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा त्यांच्या फाइलीत तीन वेळा होता. चष्मा आल्यानंतर ते भेटींना येऊ लागले. म्हणून एखादी मागणी क्षुल्लक वाटली, तर ती त्या माणसाला का महत्त्वाची वाटते हे विचारल्याशिवाय खालच्या क्रमांकावर ढकलू नका.

ठरलेली कामे एका कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहा. एका आठवड्याला तीनच कामे ठेवा, आणि त्यांतले एक तरी तुमच्या नावावर असू द्या. पुढच्या भेटीत आधी तुमचे काम झाले का ते सांगा, मग त्यांचे विचारा.

पाचवी पायरी : कागदपत्रांची फाइल

कागदपत्रांचे काम कोणालाच आवडत नाही आणि त्याचे कौतुकही होत नाही, तरीही आयुष्य पुन्हा उभे करण्याच्या कामातील निम्मा वेळ त्यातच जातो असे धरून चाला. ओळखपत्राशिवाय बँकेत खाते उघडत नाही, खात्याशिवाय मजुरी किंवा अनुदान जमा होत नाही, पत्त्याशिवाय ओळखपत्र मिळत नाही आणि ओळखपत्राशिवाय कोणी खोली भाड्याने देत नाही. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी एखादे टोक शोधावे लागते. बहुतेक वेळा ते जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, रुग्णालयाचे जुने कार्ड किंवा सुटकेचा कागद असे काहीतरी असते, ज्याच्या आधारे दुसरा कागद निघतो आणि दुसऱ्याच्या आधारे तिसरा. कोणत्या कागदावरून कोणता कागद निघतो, हे तुमच्या वहीत बाण काढून लिहून ठेवा. तेवढ्याने पुढच्या दहा जणांचे हेलपाटे वाचतील.

फाइल पारदर्शक प्लॅस्टिकची, बटणाची आणि पिशवीत मावेल अशा आकाराची घ्या. मूळ कागद वेगळ्या कप्प्यात, छायाप्रती दुसऱ्या कप्प्यात आणि सर्वांत वर एका पानावर मोठ्या अक्षरात यादी ठेवा. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून, त्या व्यक्तीच्या संमतीने, सुरक्षित ठिकाणी साठवा, कारण रस्त्यावर किंवा सामायिक खोलीत राहणाऱ्यांच्या फाइली भिजतात, चोरीला जातात आणि कधीकधी रागाच्या भरात फाडल्याही जातात. अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पावती देत नसतील, तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्का मागा, आणि तोही मिळाला नाही तर अर्ज कोणाकडे, कोणत्या वेळी दिला हे तिथेच उभ्या उभ्या वहीत टिपा.

फाइल त्या व्यक्तीच्या हातात राहू द्या. तुम्ही ती स्वतःच्या कपाटात ठेवली, तर ती हरवणार नाही हे खरे, पण तो माणूस तुमच्या कार्यालयीन वेळेशी बांधला जाईल.

सहावी पायरी : नात्यांचा नकाशा

अमेरिकेतील समाजकार्याच्या अभ्यासक अ‍ॅन हार्टमन यांनी 1975 साली एक साधे चित्र तयार केले, जे आजही उपयोगी पडते. कागदाच्या मध्यभागी त्या व्यक्तीचे वर्तुळ काढायचे आणि भोवती तिच्या आयुष्यातील माणसे व संस्था यांची वर्तुळे. घट्ट नात्याला जाड रेघ, तुटक नात्याला तुटक रेघ, ताणाच्या नात्याला आडवे फरकाटे मारलेली रेघ, आणि मदत कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाते ते दाखवणारे बाण. पेन त्यांच्या हातात द्या. अर्ध्या तासात त्या कागदावर जे दिसते ते चार मुलाखतींत कळत नाही. सर्व जाड रेघा फक्त संस्थांकडे जात असतील, तर संस्थेचा कालावधी संपल्यावर त्या माणसाकडे काय उरेल हे दोघांनाही तिथेच दिसते. एखादी तुटक रेघ जुन्या शेजाऱ्याकडे किंवा पूर्वीच्या मालकाकडे जात असेल, तर तिथून सुरुवात करता येते. कुटुंबाशी समेट घडवून आणण्याची घाई मात्र करू नका. काही रेघा त्या व्यक्तीने स्वतःच्या बचावासाठी तोडलेल्या असतात.

सातवी पायरी : पत्ता देऊ नका, पोहोचवा

लेखाच्या सुरुवातीला जी चिठ्ठी आली, तिची जागा घेणारे हे काम आहे. माणसाला एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे पाठवताना पुढच्या ठिकाणी आधी स्वतः फोन करा, आणि तो त्या माणसाच्या समोर, त्याला ऐकू येईल असा करा. त्याच्याविषयी त्याच्या पाठीमागे काय बोलले गेले, ही शंका त्यामुळे उरत नाही. पुढच्या केंद्रातील एका नेमक्या व्यक्तीचे नाव घ्या आणि शक्य असेल तर त्या दोघांना फोनवर दोन वाक्ये बोलू द्या. पहिल्या भेटीला बरोबर जा. जाताना वाटेत खुणा दाखवा, बस कुठे थांबते आणि कोणत्या दाराने आत जायचे ते सांगा. आत गेल्यावर तुम्ही बोलू नका. अर्जदार तो आहे. कर्मचारी तुमच्याकडे पाहून प्रश्न विचारू लागले की शांतपणे त्याच्याकडे पाहा. थोड्या वेळाने प्रश्नही तिकडे वळतात.

दुसऱ्या भेटीला बाहेरच्या बाकावर बसा. तिसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी फक्त फोन करून आठवण द्या, आणि भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी विचारा. एवढे करूनही पुढच्या ठिकाणी टोलवाटोलवी झाली, ‘उद्या या’ असे सांगून परत पाठवले गेले, तर तो दोष त्या माणसाने स्वतःवर घेण्याआधी त्याला सांगा की हे असे घडते, आणि आपण काय उत्तर देणार आहोत तेही लगेच ठरवा.

माझ्या अनुभवात नव्या कार्यकर्त्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. पुढच्या केंद्राने माणसाला दाखल करून घेतले की ते त्याचे नाव आपल्या यादीतून काढतात. दाखल होणे आणि टिकणे यांत किमान महिन्याभराचे अंतर असते. तो महिना त्याचे नाव दोन्ही केंद्रांच्या यादीत राहू द्या.

आठवी पायरी : त्याच वाटेने आलेली माणसे

कार्यकर्त्याने कितीही जीव लावला, तरी जो स्वतः त्या अवस्थेतून गेला आहे त्याचे बोलणे वेगळ्या ठिकाणी पोहोचते. दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्या दोन माणसांनी 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एकमेकांना सावरण्यातून जी चळवळ सुरू केली, ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या नावाने जगभर पसरली. न्यूयॉर्कमध्ये 1948 साली सुरू झालेल्या फाउंटन हाउसची मुळे मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही जणांच्या आपसांतील गटात होती. तिथे येणाऱ्याला रुग्ण न म्हणता सदस्य म्हणतात आणि संस्थेचे रोजचे कामकाज सदस्य व कर्मचारी मिळून चालवतात. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारेत 14 आजींना बरोबर घेऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून बोलण्याची पद्धत उभी केली. त्या आजी एका वेळी एक अडचण निवडून तिच्यावर काय करता येईल ते समोरच्या माणसाकडूनच काढून घेत असत.

माणसाला अशा स्वमदत गटात पाठवण्याआधी एकदा स्वतः, परवानगी घेऊन, बाहेरच्यांसाठी खुल्या असलेल्या बैठकीला बसून या. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. एका गटात न रमलेला माणूस दुसऱ्यात रमू शकतो, म्हणून ‘तीन वेगवेगळ्या बैठकांना बसून पाहा आणि मग ठरवा’ असे सांगणे योग्य. धार्मिक वळणाचा गट कोणाला मानवणार नाही, कोणाला नेमका तोच हवा असेल. गटात नव्याने येणाऱ्यांशी काही जण फार लवकर जवळीक करतात किंवा पैसे मागतात, याची कल्पनाही देऊन ठेवा.

नववी पायरी : काम

पूर्ण बरे झाल्यावर काम, हा विचार सोडून द्या. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत 1990 च्या दशकात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, ज्याला काम हवे आहे त्याला लांबलचक पूर्वतयारी न करवता थेट खऱ्या, पगारी कामाच्या शोधात मदत केली जाते, आणि काम लागल्यावर मदत थांबत नाही. संरक्षित कार्यशाळांमधून, म्हणजे फक्त अशा व्यक्तींसाठी वेगळ्या ठेवलेल्या कामाच्या जागांमधून, आधी दीर्घकाळ प्रशिक्षण देण्याच्या पद्धतीपेक्षा हा मार्ग वारंवार सरस ठरला आहे. सुरुवात आठवड्यातील दोन सकाळींपासून झाली तरी चालेल. मालकाला त्या माणसाचा पूर्वेतिहास सांगायचा की नाही, किती सांगायचा आणि कोणी सांगायचा, हे मुलाखतीआधी त्याच्याशी ठरवा. तुम्ही परस्पर काहीही सांगू नका.

दहावी पायरी : घसरण

तो पुन्हा पितो, औषध बंद करतो, खोली सोडतो, किंवा ज्या घरातून ती निघाली होती तिथे परत जाते. हे घडेल असे धरूनच योजना करा. व्यसनाच्या आजारात उपचारानंतर पुन्हा सेवन सुरू होण्याचे प्रमाण 40 ते 60 टक्के सांगितले जाते, आणि उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांमध्ये उपचार सोडून लक्षणे परतण्याच्या प्रमाणाशी ते मिळतेजुळते आहे. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाला दवाखान्यातून हाकलत नाही.

सर्व सुरळीत असतानाच एका पानावर तीन गोष्टी लिहून घ्या: बिघडायला लागल्याची माझी पहिली खूण कोणती, तेव्हा मी कोणाला कळवीन, आणि कार्यकर्त्याने काय करावे व काय करू नये. पहिली खूण बहुधा लहानशी असते. एक बाई झोप उडाली की रात्री भांडी पुन्हा पुन्हा घासू लागत. त्यांनी ते स्वतःच लिहून दिले होते, आणि त्या ओळीमुळे आम्ही दोनदा वेळेत पोहोचलो. घसरणीनंतरच्या पहिल्या फोनवर ‘का’ विचारू नका. कुठे आहात, काही खाल्ले का, भेटायला कधी येऊ, एवढे पुरे.

अकरावी पायरी : तुमच्या स्वतःच्या सीमा

स्वतःच्या खिशातून पैसे देऊ नका, स्वतःचा घरचा पत्ता देऊ नका, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन घ्याल ते पहिल्याच आठवड्यात सांगून ते पाळा. नियम म्हणून हे कोरडे वाटते. पण ज्याच्या आयुष्यात माणसे येऊन नाहीशी झाली आहेत, त्याच्यासाठी थकून मध्येच निघून जाणारा उदार कार्यकर्ता हा आणखी एक धक्का असतो. ठरल्या वेळी थोडेच करणारा, पण न चुकता येणारा माणूस त्याच्या अधिक उपयोगाचा. तातडीच्या पैशांसाठी संस्थेचा निधी असतो. नसल्यास तो असावा यासाठी बैठकीत आग्रह धरा. वरिष्ठांशी दर पंधरवड्याला बसून बोला आणि ज्या व्यक्तीविषयी बोलायला टाळाटाळ कराविशी वाटते तिच्याविषयी आधी बोला.

नोंदी लिहिताना, हे पान उद्या त्या व्यक्तीने वाचायला मागितले तर आपण ते देऊ शकू का, असा विचार करून लिहा. ‘आक्रमक होते’ असे लिहिण्याऐवजी काय म्हणाले, काय केले आणि त्याआधी काय घडले, ते लिहा.

शेवटची पायरी : मागे सरकणे

न्यूयॉर्कच्या ज्या कार्यक्रमाचा उल्लेख सुरुवातीला केला, त्याचे 9 महिने तीन समान भागांत विभागलेले असतात. पहिल्या तीन महिन्यांत कार्यकर्ता प्रत्यक्ष बरोबर असतो, पुढच्या तीन महिन्यांत जोडून दिलेली नाती आपापली चालतात का ते पाहून गरजेपुरता हात लावतो, आणि शेवटच्या तीन महिन्यांत सर्व संबंधितांना एकत्र बसवून जबाबदाऱ्या कायमच्या सोपवतो. तुमच्या संस्थेचा कालावधी वेगळा असेल, पण शेवटाची तारीख पहिल्याच महिन्यात सांगा आणि प्रत्येक टप्प्यावर तिची आठवण द्या. कालावधी संपत आला की काही जण भेटी चुकवू लागतात, काहींच्या जुन्या तक्रारी अचानक उफाळतात. तुम्ही जाणार म्हणून हे होते. ते तसे बोलून दाखवा.

शेवटच्या भेटीत नात्यांचा नकाशा पुन्हा काढायला सांगा आणि पहिला नकाशा शेजारी ठेवा. तुमचे वर्तुळ आता कागदाच्या कडेला गेलेले असेल तर छान. अजून मध्याच्या जवळ असेल, तर कोणती रेघ कोणाकडे वळवायची राहिली ते तिथेच पाहा आणि महिन्याभरानंतरच्या एका फोनची तारीख ठरवा. मग स्वतःची वही उघडा. या माणसाबरोबर फिरताना ज्या खिडकीची वेळ बदललेली आढळली, ज्या कार्यालयात नवा कागद मागितला गेला आणि ज्या केंद्रातील नेमक्या व्यक्तीने फोन उचलला, त्या सर्व गोष्टी त्या त्या पानावर तारखेसह लिहा आणि वही पुढच्या कार्यकर्त्याच्या टेबलावर ठेवा.